आरेतलं रॅप, अंबरनाथचा गुन्हा

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघून गायमुखचा घाट ओलांडला की डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी अशी सोबत राहते आणि मग चेणे येतं. डोंगरातून उतरणारी नदी, तिच्यावरचा पूल, पायथ्याचे आदिवासी पाडे आणि रस्त्याच्या कडेने उंच होत गेलेल्या इमारती. पावसाळ्यातल्या रविवारी नदीच्या खडकांवर पोरांचे घोळके बसलेले असतात. मधोमध ब्लूटूथ स्पीकर, कुणी मोबाइल धरून व्हिडिओ काढतंय, कुणी हात पुढे फेकत ठेक्यावर शब्द म्हणतंय. त्या पोरांना हिपहॉपचा इतिहास कुणी शिकवलेला नसतो, पण उभं राहायची ढब, टोपी, बोलण्याची धार त्यांना नेमकी ठाऊक असते.

हा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं उत्तर टोक. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल दक्षिणेकडे उतरतं तिथे गोरेगावची आरे वसाहत लागते. त्या आरेचं एक गाणं २०१९ मध्ये आलं, ‘द वारली रिव्होल्ट’. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप गटाने ते केलं आणि आरेत राहणारे वारली कलावंत प्रकाश भोईर त्यात गायले. चार वर्षांनी आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला, एका मराठी रॅप गाण्यावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ज्या वर्षी आरेचं गाणं आलं त्याच वर्षी ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला आणि रॅप या शब्दाला घरोघरी ओळख मिळाली.

रॅप आणि पैसा, रॅप आणि राजकारण यांचं नातं समजून घ्यायला ही तीन उदाहरणं पुरेशी आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा गाण्यात राग असतो आणि त्या रागाला एक पत्ता असतो. कुणावर राग, कशासाठी, मागणी काय, हे त्या पत्त्यात येतं. बाजाराला राग हवा असतो, राजकीय पक्षांनाही हवा असतो. पत्ता मात्र दोघांनाही खुपतो. गाण्याचं काय झालं हे बघायचं असेल तर आधी त्याच्या पत्त्याचं काय झालं ते बघावं.

पंचवीस सेंटचं तिकीट

हिपहॉप म्हणजे नुसतं रॅप नव्हे. तबकड्या फिरवून ठेका जुळवणारा डीजे, माइकवर शब्द म्हणणारा एमसी, जमिनीवर गिरक्या घेणारा ब्रेकिंगचा नाच आणि भिंतींवरची ग्राफिटी ही त्याची चार अंगं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात एक पार्टी झाली. तिथून या संस्कृतीचा जन्म मोजतात. ठेका वाजवत होता डीजे कूल हर्क. पार्टी मांडली होती त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने, कारण तिला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट प्रवेश.

हे तिकीट महत्त्वाचं आहे. हिपहॉप आधी शुद्ध होतं आणि नंतर पैशाने बाटलं, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. पण पहिल्याच रात्री दारावर पैसे घेतले होते. फरक इतकाच की ते पैसे त्याच इमारतीतल्या मुलीच्या हातात राहिले.

तो परिसरही बघायला हवा. क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे हा महामार्ग वस्त्यांच्या पोटातून काढला, हजारो कुटुंबं उठली, मागे राहिलेल्यांची घरं ओस पडली, सत्तरच्या दशकात तिथे इमारतीमागून इमारती जळत राहिल्या. महापालिकेने पाठ फिरवलेल्या जागी पोरांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन स्पीकर लावले. रस्ता शहरासाठी होतो आणि वस्ती त्याची किंमत देते, हे घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

कंपनी आली तेव्हा

१९७९ मध्ये शुगरहिल रेकॉर्ड्सच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी तीन तरुणांना एकत्र आणून ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढली. रॅपचा पहिला मोठा खप याच गाण्याने पाहिला. त्यातले काही शब्द ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतले होते. त्याचं नाव तबकडीवर आलं नाही आणि पैसेही मिळाले नाहीत. म्हणजे या धंद्याच्या पहिल्या यशातच शब्द एकाचे आणि कमाई दुसऱ्याची असं घडलं.

त्याच कंपनीने १९८२ मध्ये ‘द मेसेज’ काढलं. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाच्या नावावरचं हे गाणं वस्तीतल्या रोजच्या कोंडीबद्दल उघड बोलत होतं आणि तेही खपलं. बाजार राजकीय गाणं विकतच नाही असं म्हणणं चूक आहे, हे इथे दिसतं. खपेल ते तो विकतो. १९८६ मध्ये रन-डीएमसी या गटाने आपल्या बुटांवर गाणं केलं आणि आदिदासने त्यांच्याशी दहा लाख डॉलरच्या घरातला करार केला. खेळाडू नसलेल्या कलावंतांशी बूट कंपनीने केलेल्या पहिल्या मोठ्या करारांपैकी तो एक. वस्तीची वेशभूषा ही आता विकायची वस्तू झाली.

सत्तेचं लक्षही तेवढ्यातच गेलं. पोलिसांच्या वागणुकीवरच्या गाण्यामुळे १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. पुढे अमेरिकी न्यायालयांत रॅपचे शब्द आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मांडले जाऊ लागले. त्यावर मर्यादा घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केला.

खाडीकाठचे नाचणारे

चेण्याच्या सर्वांत जवळचं हिपहॉप रॅपमध्ये नाही, नाचात आहे. वसईच्या खाडीच्या अलीकडे भाईंदर, पलीकडे नायगाव, वसई, नालासोपारा. या पट्ट्याने नाचणारी मुलं जगाला दिली. सुरेश मुकुंद यांचा ‘किंग्ज युनायटेड’ हा गट वसई-नालासोपाऱ्याकडचा. २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक हिपहॉप नृत्यस्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या वाटचालीवर बेतलेला ‘एबीसीडी २’ त्याच वर्षी आला. २०१९ मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा त्यांनी जिंकली, बक्षीस दहा लाख डॉलर. ‘व्ही अनबीटेबल’ हा गट भाईंदर-नायगाव भागातला, त्याने २०२० मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स’ जिंकलं. नावातला ‘व्ही’ हे सरावात जायबंदी होऊन पुढे दगावलेल्या एका सहकाऱ्याच्या नावाचं आद्याक्षर आहे.

या मुलांबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. लोकलच्या गर्दीत उभं राहून कामाला जायचं, परत येऊन मिळेल त्या मोकळ्या जागेत तालीम करायची, आणि हवेत एकमेकांना झेलायचं, ही मेहनत शब्दांत मावणारी नाही. पण टीव्हीवर त्यांची ओळख कशी करून दिली जाते ते आठवून बघा. एका खोलीत दहा माणसं राहतात, पाण्याची मारामार आहे, तरी मुलं जिंकली. प्रेक्षक रडतो, परीक्षक उभे राहतात. एका खोलीत दहा माणसं का राहतात, मुंबईत काम करणाऱ्याला नालासोपाऱ्यापलीकडे का जावं लागतं, हे त्या कार्यक्रमात कुणी विचारत नाही. गरिबी कथेपुरती हवी असते. ती कुणामुळे आली हा पत्ता कार्यक्रमाच्या चौकटीत बसत नाही.

यात दोष त्या मुलांचा नाही. नाचाला शब्द नसतात, म्हणून तो कंपन्यांना, वाहिन्यांना आणि सरकारी सोहळ्यांना सोयीचा वाटतो. शब्द आले की अडचण सुरू होते.

‘गली बॉय’मध्ये काय उरलं

मुंबईच्या रॅपची गोष्ट चित्रपटाच्या आधीची आहे. कुर्ल्याचा नेझी, म्हणजे नावेद शेख, याने २०१४ मध्ये ‘आफत’ हा व्हिडिओ घरच्या आयपॅडवर चित्रित केला. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस, तेव्हा नाव कमावत होता. दोघांचं ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये सोनी म्युझिककडून आलं. म्हणजे गल्लीचं गाणं म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्याच्या पाठीशी त्या वेळीच जगातली एक मोठी संगीत कंपनी होती. धारावीत ‘डोपअ‍ॅडेलिक्स’, ‘सेव्हन बंटाईझ’ असे गट होते. डोपअ‍ॅडेलिक्सची पोरं पुढे पा. रंजित यांच्या ‘काला’च्या गाण्यांत आली.

झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ रोजी लागला. कार्यकारी निर्मात्यांत न्यूयॉर्कचा रॅपर नॅस होता. त्याच वर्षी नॅसच्या ‘मास अपील’ कंपनीने युनिव्हर्सल म्युझिकच्या सोबतीने भारतात शाखा काढली आणि सुरुवात डिव्हाइनपासून केली. डिव्हाइनने ‘गली गँग’ ही स्वतःची कंपनीही त्याच वर्षी उभी केली. गल्लीतल्या पोराने मालक व्हावं यात मला काही वावगं दिसत नाही. कॅझच्या वहीचं जे झालं ते टाळायचा तोच एक रस्ता आहे.

प्रश्न आहे तो ‘आझादी’ या गाण्याचा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१६ मध्ये कन्हैया कुमारने दिलेल्या घोषणा वापरून डब शर्मा या संगीतकाराने त्याच वर्षी एक गाणं केलं होतं. त्या घोषणांनाही मागचा इतिहास आहे. कमला भसीन यांनी उपखंडातल्या स्त्री-चळवळीतून त्या भारतात रुजवल्या. ‘गली बॉय’मध्ये हे गाणं डिव्हाइनच्या शब्दांसह पुन्हा आलं. गरिबी, भूक, भेदभाव हे सगळं त्यात राहिलं. जातिव्यवस्थेला आणि तिच्या विचारसरणीला थेट नाव घेऊन दिलेल्या मूळ घोषणा मात्र राहिल्या नाहीत. ऐकणाऱ्याचं रक्त तेवढंच उसळतं, फक्त समोर कुणी उभं नसतं. भेदभाव कुणी केला, हा प्रश्न हवेत राहतो.

पत्ता निघाला की गाणं कुणाच्याही कामाला येतं. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये, भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांच्या प्रचाराने त्याच गाण्याच्या चालीवर एकमेकांविरुद्ध व्हिडिओ फिरवले. ज्या विद्यापीठातल्या घोषणांवरून तीन वर्षांपूर्वी देशद्रोहाचे गुन्हे दाखल झाले होते, तिथल्याच घोषणांची चाल आता प्रचाराची झाली. रिकाम्या पाकिटावर कुणीही हवा तो पत्ता लिहू शकतो.

तरी ‘गली बॉय’ला एका शब्दात झटकून टाकणं मला पटत नाही. त्याच चित्रपटात ‘इंडिया ९१’ हे गाणं आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्यासोबत बसून पाच पोरांनी आपापल्या भाषेत ते लिहिलं. त्यात अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचं मराठी आहे आणि मुंबईच्या धर्मेश परमारचं गुजराती. अक्षरांशी खेळत सौरभने आपल्या नावातला ‘सौ’ आकड्यात लिहिला आणि ‘हंड्रेड आरबीएच’ झाला. धर्मेश म्हणजे एमसी तोडफोड, मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीतला. दोघंही स्वदेशीचे. म्हणजे मोठ्या पडद्यासाठी गाणारी आणि आरेसाठी गाणारी पोरं वेगळी नव्हती. तोडफोड मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. त्याची आठवण काढताना तो ‘गली बॉय’मध्ये होता एवढंच सांगून लोक थांबतात, याचं मला वाईट वाटतं.

गाण्यात नाव नव्हतं, तरी

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि राज्यात सरकार बदललं. त्यानंतरच्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही फुटीर आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप करणारी घोषणा दिली. आमदार ती रोज देत होते, वाहिन्या रोज दाखवत होत्या.

मार्च २०२३ च्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाचं मराठी रॅप मोबाइलवर फिरू लागलं. त्यात हेच खोके होते, चोर होते. कोणत्याही नेत्याचं किंवा पक्षाचं नाव त्याने घेतलं नव्हतं. तरीही शिवसेनेतून फुटून सत्तेत आलेल्या शिंदे गटाच्या युवासेनेच्या एका पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईत वडाळ्याच्या उमेश खाडे या तरुणावरही ‘भोंगळी केली जनता’ या रॅपवरून गुन्हा नोंदला गेला. विधान परिषदेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे मुंगासेच्या बाजूने उभे राहिले, जितेंद्र आव्हाड यांनी खाडेच्या बाजूने आवाज उठवला.

इथे थोडं थांबायला हवं. जी घोषणा आमदाराच्या तोंडी चालली ती रॅपरच्या तोंडी गुन्हा ठरली. आमदाराला सभागृहाची, पक्षाची, वकिलांची ढाल असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराकडे फक्त फोन असतो. दुसरी गोष्ट, नाव न घेताही तक्रारदाराने चोर हा शब्द आपल्याच घरचा मानला. पत्ता इतका स्पष्ट होता की नावाची गरज उरली नाही. आणि विरोधकांनी दिलेल्या पाठिंब्याबद्दलही प्रामाणिकपणे बोलायला हवं. तो त्या क्षणी गरजेचा होता, पोराला एकटं वाटलं नाही. पण विरोधात असताना रॅपरच्या पाठीशी उभा राहणारा पक्ष सत्तेत असताना काय करतो, यावर त्या पाठिंब्याची खरी परीक्षा असते. महाराष्ट्रात ती परीक्षा आधी झालेली आहे.

शाहिरांचा अनुभव जुनाच

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक सुरू केलं. गिरणगावाच्या मैदानांत, चाळींच्या चौकांत, डफ-तुणतुण्यावर त्यांनी कामगारांना राजकारण समजावलं. ‘शेटजींचं इलेक्शन’ हे अण्णा भाऊंच्या लोकनाट्याचं नावच बघा. पैसा आणि मत यांचं साटंलोटं त्यांनी त्या दोन शब्दांत बांधलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच रूपाला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना गावावर राहिली’ने सभा भारून टाकल्या. वाटेगावाहून मुंबईला चालत आलेला हा माणूस अखेरपर्यंत हलाखीत राहिला आणि १८ जुलै १९६९ रोजी गेला.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊंच्या पुतळ्याचं अनावरण राज्याच्या तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झालं. मला त्याचा आनंद झाला होता. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ लिहिणाऱ्याला रशियात जागा मिळाली. त्यानंतर सात महिन्यांच्या आत अंबरनाथ आणि वडाळ्याच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. गेलेल्या शाहिराच्या रागाचा पत्ता जुना झालेला असतो, तिथे कुणी राहत नाही, म्हणून त्याला हार घालता येतो.

मधल्या काळातली उदाहरणंही आहेत. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली. ते बघून शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार होतं. २०२० मध्ये त्याच मंचाचे आणखी कलावंत एल्गार परिषद प्रकरणात तुरुंगात गेले. सरकार कुणाचंही असो, गाणाऱ्याकडे बघायची नजर फारशी बदललेली दिसत नाही.

शाहिरी आणि रॅप एकच, असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो. शाहिरामागे कलापथक होतं, कलापथकामागे युनियन किंवा चळवळ होती. अटक झाली तर जामिनाला माणसं धावत. रॅपर बहुतेकदा एकटा असतो. त्याच्यामागे असतात ते प्रेक्षकांचे आकडे, आणि आकडे कोर्टात येत नाहीत. अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचार रॅपमध्ये मांडतो तेव्हा त्याच्यामागे जयंतीची, जलशाची, वामनदादा कर्डकांची परंपरा उभी असते. तिथे हा दुवा खरोखर जुळलेला आहे. सगळीकडे तो जुळलेला नाही.

पैसा येतो कुठून, जातो कुठे

नदीकाठच्या पोराला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून थोडं तपशिलात जातो.

नवा रॅपर सहसा ठेका, म्हणजे बीट, इंटरनेटवरून घेतो. स्वस्तात मिळते ती भाड्याची बीट, म्हणजे लीज. तीच बीट आणखी शंभर जणांना दिलेली असते आणि ठरावीक ऐकणाऱ्यांपलीकडे गाणं गेलं की नवा करार लागतो. गाणं गाजलं आणि कागद नसले तर यूट्यूबवरची कमाई बीटच्या मालकाच्या खात्यात वळते. पुढची पायरी कंपनीची. ती आगाऊ रक्कम देते, ती बक्षीस नसते. व्हिडिओचा, प्रसिद्धीचा खर्च आधी वसूल होतो, मग कलावंताचा वाटा सुरू होतो. ऐकण्यातून मिळणारे पैसे थोडे असतात. खरी कमाई कार्यक्रमांतून आणि जाहिरातींतून होते.

जाहिरात करारात बहुधा एक अट असते, ब्रँडची प्रतिमा डागाळेल असं काही करायचं नाही. सरकार, धर्म, जात यांवर बोलायचं नाही असं त्यात लिहावंही लागत नाही. अट वाचून कलावंत स्वतःच शब्द गिळतो. कंपनीने पत्ता पुसायची वेळच येत नाही. गाणं लिहिलं जातं तेव्हाच तो गळलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते अमेरिकेतल्या पुस्तकांत सापडणार नाही. दहीहंडी, गणेशोत्सव, नवरात्र, नेत्याचा वाढदिवस, आणि निवडणूक आली की प्रभागाच्या उमेदवाराचं गाणं. ठाणे जिल्ह्यातल्या होतकरू रॅपरला रोख पैसे बहुधा इथेच पहिल्यांदा मिळतात. मंच मोठा, स्पीकर दणदणीत, समोर हजारो माणसं. ज्याने हा मंच दिला त्याच्या कामावर पुढच्या महिन्यात गाणं लिहायचं धाडस किती जणांना होईल? बंदी आणि गुन्हा यांपेक्षा हा हिशोब जास्त गाण्यांना गप्प करत असावा, असं मला वाटतं.

कायदा मात्र पूर्णपणे विरोधात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी आग्रह धरला होता. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क तिने दिला, आणि हा हक्क करारात लिहून कंपनीला देता येत नाही. रॅपर हा कायद्याच्या भाषेत गीतकार आहे. गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्य झालं तर ही रॉयल्टी गोळा होऊन हातात येऊ शकते. एकरकमी पैसे घ्या आणि सगळे हक्क द्या, असा कागद समोर आला तर सही करण्याआधी हा मुद्दा आठवावा.

आरे, त्यानंतर

‘द वारली रिव्होल्ट’ हे नाव उगाच घेतलेलं नाही. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण मेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना ते प्रसंग आठवतील. स्वदेशीने तो उठाव आरेच्या झाडांपाशी आणला. गटातल्या एमसी मवालीचे मराठी शब्द आणि प्रकाश भोईर यांचा गळा यांतून जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस शहराशी बोलतो. यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की आदिवासींची व्यथा दुसऱ्याच कुणी गायलेली नाही. ज्याचं घर तिथे आहे तोच त्या गाण्यात गातो.

गाणं आलं त्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, मुंबई उच्च न्यायालयाने आरेच्या झाडांसाठीच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री मेट्रो ३ च्या कारशेडसाठी तोड सुरू झाली. विरोधाला आलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं पडली होती. पुढे एका सरकारने कारशेड कांजूरमार्गला नेलं, जुलै २०२२ मध्ये पुढच्या सरकारने ते परत आरेत आणलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी मेट्रो धावू लागली.

गाण्याने झाडं वाचली नाहीत. मग ते कशाला, असं विचारणारे भेटतात. २०१९ च्या त्या दिवसांत शहरातली कॉलेजची पोरं आरेच्या पाड्यांत पहिल्यांदा गेली, तिथल्या माणसांशी बोलली. आरेत पाडे आहेत हेच त्यातल्या अनेकांना आधी ठाऊक नव्हतं. या ओळखीत गाण्यांचा, चित्रांचा, पोस्टरांचा वाटा होता. आणि या गाण्याची चाल कुठल्याही पक्षाने प्रचाराला उचलली नाही. आरेचे पाडे, तिथली झाडं आणि त्यांवर आलेली यंत्रं काढून टाकली तर त्या गाण्यात प्रचाराला वापरण्यासारखं काही उरतच नाही.

२०२५ मध्ये मीरा-भाईंदरमध्ये उत्तनजवळच्या डोंगरीत मेट्रो ९ च्या कारशेडसाठी हजारो झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा इथले रहिवासी रस्त्यावर उतरले. हातातल्या फलकांवर त्यांना काय लिहायचं ते माहीत होतं, कारण आरे त्यांनी पाहिलं होतं. गायमुखहून मीरा रोडकडे येणाऱ्या नियोजित मेट्रो १० च्या आराखड्यात चेणे गाव हे स्थानक आहे. नदीकाठच्या खडकांवर बसलेली पोरं त्या स्थानकाच्या जागेपासून फार लांब नसतात, आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांतली काही मुलंही संध्याकाळी त्यांच्यात येऊन बसतात. स्पीकर एकच असतो, फोन हातोहात फिरतो, आणि माइक म्हणून पाण्याची रिकामी बाटली सगळ्यांना पाळीपाळीने मिळते.